धूळ ओढणारं मशीन

धूळ ओढायचं मशीन निवडायला आमच्या ह्यांनी जेवढा वेळ घेतला, तेवढ्या वेळात लोक जागा बघून, घर बांधून, वर भाडेकरूसुद्धा ठेवतात. आणि मशीन कशासाठी हवं होतं? माझ्या खोकल्यासाठी. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे पुढे ते सगळ्यांच्या डोक्यातून निघून गेलं. तुमच्याही डोक्यातून जायला नको.

हे निवृत्त झाले तेव्हा गाडी विकून टाकली. गाडीची खोली रिकामी झाली. स्वयंपाकघराला लागूनच ती खोली, मधे एक दार. तिथे ह्यांनी लाकूडकामाचा कारखाना मांडला. कारखाना हा ह्यांचा शब्द. एक कापायचं मशीन, एक रंध्याचं, एक घासायचं, आणि भिंतीवर हत्यारं ओळीने टांगलेली. सगळा जन्म कचेरीतल्या खुर्चीवर बसून काढला, आता स्टुलं करतात. स्टुलं चांगली होतात, खोटं कशाला बोलू? आमच्या नात्यात आमचं स्टूल पोचलेलं नाही असं एक घर दाखवा.

काम करतानाचा थाट तर बघण्यासारखा. तोंडाला मास्क, तोही साधासुधा नाही, दोन्ही गालांवर डबे असलेला. डोळ्यांना मोठा चष्मा, कानात बोंडं, डोक्याला टोपी. काम संपलं की हे सगळं काढून खिळ्याला अडकवायचं, दारात उभं राहून अंगातला शर्ट काढून माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "चल, चहा टाक." चहा झाला की ह्यांनी पेपर उघडायचा आणि मी झाडू घेऊन आत जायचं. शर्ट मागच्या अंगणात झटकायचा, खोलीतला भुसा ओढायचा, पोत्यात भरायचा, पोतं बांधायचं. हे कधी ठरलं म्हणाल, तर ठरलंच नाही. घरातला केर मी काढते, कारखाना घरात, म्हणून कारखान्याचा केरही माझा. कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आता माझं काम. हो, मलाही काम आहे. मी पुस्तकं वाचते, मोठ्याने. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांसाठी एक संस्था पुस्तकं आवाजात भरून देते, त्यांच्यासाठी मी बरीच वर्षं वाचते आहे. इतिहास, विज्ञान, गोष्टी, ते देतील ते. झोपायच्या खोलीतलं कपाट सताड उघडते आणि कपड्यांत तोंड घालून बसते, म्हणजे आवाज घुमत नाही. बघणाऱ्याला वाटेल बाई साड्यांवर रागावली आहे. पण संस्थेतल्या ताई म्हणायच्या, बाकी सगळ्यांच्या वाचनाला कात्री लावावी लागते, तुमचं आम्ही आहे तसं पुढे देतो. माझी तेवढीच एक मिरवायची गोष्ट होती. बाकी काय, घरात मी चांगल्या चहासाठी प्रसिद्ध आहे.

मग हा खोकला मागे लागला. आधी सकाळी, मग केव्हाही. वाक्य अर्ध्यावर आलं की घशात खरखर. ताईंनी पहिल्यांदा फोन केला तेव्हा म्हणाल्या, एक धडा परत वाचाल का. दुसऱ्यांदा म्हणाल्या, वाचताना तुमचा श्वास फार ऐकू येतो हो. तिसऱ्यांदा अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, थोडी विश्रांती घ्या, घाई नाही. घाई नाही म्हणजे काय ते मला कळतं. माझं पुस्तक त्यांनी दुसऱ्या बाईंना दिलं होतं.

डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं. मी फुंकलं. त्यांनी परत फुंकायला लावलं, आणि विचारलं, घरात धूळ असते का. मी म्हटलं, घरात कारखाना आहे. ते हसले नाहीत. म्हणाले, लाकडाची बारीक धूळ छातीत जाऊन बसते, त्यापासून लांब राहा, छातीतलं जेवढं बळ गेलं ते परत मिळायचं नाही, आहे ते सांभाळा.

हे ऐकून आमचे हे खरंच घाबरले, ते मी नाकारत नाही. आम्ही घरी आलो. दारात चप्पल काढता काढता म्हणाले, "आता मशीन घ्यायलाच हवं. धूळ ओढणारं. तुझ्या तब्येतीशी खेळ नाही."

मला बरं वाटलं. वेडी मी.

दुसऱ्या दिवशी ह्यांचे मित्र आले. ह्यांच्याच कचेरीतले, ह्यांच्याच बरोबर निवृत्त झालेले. आमच्या घरात त्यांना सल्लागार म्हणतात, कारण नळ गळत असो की दात दुखत असो, त्यांच्याकडे सल्ला तयार असतो. त्यांनी स्वतः आयुष्यात एक खिळा ठोकलेला नाही. तर सल्लागार आणि हे, दोघांचं गुऱ्हाळ सुरू झालं. कापडी पिशवीचं घ्यायचं की फिल्टरचं? मोटर केवढी? पाइप जाड की बारीक? एकच मशीन ठेवून भिंतीवरून पाइप फिरवायचे, की चाकांवरचं घेऊन जिथे काम तिथे ढकलत न्यायचं? मधे पिंप ठेवलं तर जाड भुसा त्यात पडतो आणि पिशवी लवकर भरत नाही, मग पिंप केवढं? फोनवर एकेक माणूस कुठल्या तरी गावात बसून आपलं मशीन दाखवतो, ते बघायचं. मग त्यावर बोलायचं. मग चहा. मग दुसरा माणूस.

आणि रोज संध्याकाळी झाडू माझ्या हातात.

एकदा मी म्हटलंही, "अहो, मशीन येईल तेव्हा येईल, तोवर केराचं काय करायचं?" हे म्हणाले, "अगं, त्यासाठीच तर चाललंय ना सगळं." म्हणजे जिच्यासाठी सगळं चाललंय तीच आडवं विचारतेय; मी झाडू घेऊन आत गेले.

मधेच सल्लागारांना सुचलं की मशीन विकत कशाला घ्यायचं, घरीच करू. घरातला साफसफाईचा व्हॅक्यूम घेतला, माझी न्हाणीघरातली झाकणाची बादली घेतली, न विचारता, झाकणाला भोकं पाडली, पाइप खोचले. म्हणाले, भुसा बादलीत पडेल आणि व्हॅक्यूम स्वच्छ राहील. चालू केलं. थोडा वेळ चाललंही. दोघं एकमेकांकडे असे बघत होते की विमानच उडवलंय. मग पाइपात लाकडाची ढलपी अडकली, हवेला वाट राहिली नाही, आणि बादली फटकन आतल्या आत चेपली. झाकण उडालं आणि भुसा छतापर्यंत. दोघं मास्क लावून उभे होते, त्यांना काही झालं नाही. हसता हसता खाली बसले. म्हणाले, "अगं, ये, बघ तरी गंमत." मी गेले, गंमत बघितली, आणि मग ती गंमत झाडून पोत्यात भरली. त्या रात्री मला पाठ टेकून झोपता आलं नाही.

शेवटी लेकीला कळवळा आला. लेक दुसऱ्या भागात राहते, मोठ्या कंपनीत आहे, हुशार आहे. तिने एका मशीनवाल्याला गाठलं आणि सुट्टीच्या दिवशी घरी बोलावलं. मशीनवाला तरुण, बोलायला नीट, उगाच माल गळ्यात मारणारा नव्हता. म्हणाला, "आधी धूळ मोजू, मग मशीन ठरवू." त्याच्याकडे मुठीत मावेल असा एक डबा होता. हवेतली बारीक धूळ किती, त्याचा आकडा डब्यावर यायचा. आम्ही सगळे त्या खोलीत जमलो. हे, सल्लागार, लेक, मशीनवाला. मी दारात, पदर नाकाला लावून.

ह्यांनी मास्क चढवला आणि एक फळी कापली. आकडा वर चढला. सल्लागार म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो." काय म्हणत होते ते देवाला माहीत. फळी कापून झाली, मशीन बंद केलं, आकडा हळूहळू खाली यायला लागला. हे म्हणाले, "बस, एवढंच असतं. बाकी जमिनीवर पडतो तो भुसा. तो काय, निघून जातो."

निघून जातो. पाय असतात त्याला.

मशीनवाल्याने विचारलं, "काढता कसा?" सगळे माझ्याकडे वळले. मी कोपऱ्यातला झाडू घेतला आणि रोज काढते तसा काढायला लागले. टेबलाखालून, मशीनच्या मागून, भिंतीच्या कडेने. मशीनवाल्याने डबा माझ्या तोंडाजवळ धरला. आकडा चढला. कापताना चढला होता त्याच्याही वर गेला, आणि चढतच राहिला. मी पोत्यात भुसा ओतला तेव्हा डब्याचा दिवा लाल झाला आणि तो टीं टीं वाजायला लागला.

मशीनवाला ह्यांना म्हणाला, "काका, जाड भुसा लगेच खाली पडतो, त्याची भीती नाही. डोळ्याला न दिसणारी जी बारीक धूळ आहे ती मशीनवर, जमिनीवर बसून राहते, आणि झाडलं की परत उठते. कापताना तुम्हाला लागते त्यापेक्षा जास्त धूळ काकूंना झाडताना लागते. आणि तुम्हाला मास्क आहे."

डबा वाजतच होता. मी झाडूला टेकून उभी होते, दम लागला होता, पण खरं सांगते, मनातून मला इतकं हलकं वाटलं. कुणीतरी परक्या माणसाने येऊन सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं. आता मला काही बोलायची गरज नव्हती. आकडा सगळ्यांना दिसत होता. माझी लेक बघत होती, माझा नवरा बघत होता.

ह्यांनी मास्क खाली ओढला. चेहरा खरोखर उतरला होता. जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, "अगं, मग तू लगेच झाडत जाऊ नकोस. तासाभराने केर काढत जा. सगळं खाली बसल्यावर."

"आणि आधी थोडं पाणी शिंपड आई," लेक म्हणाली.

"ओला कपडा उत्तम," सल्लागार म्हणाले. मशीनवाल्यानेही मान हलवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार माणसं, चौघंही शहाणी, चौघांनाही माझी काळजी, आणि चौघांच्या डोक्यात केर काढणारी मी ती मीच. तासाने काढू, पाण्याने काढू, कपड्याने काढू, पण काढू मीच. एकालासुद्धा, अगदी एका क्षणासाठीसुद्धा, दुसरं काही सुचलं नाही. कुणी दुष्टपणा केला असता तर मी भांडले असते. मायेशी भांडायचं कसं ते मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

आणि मशीनचं काय ठरलं? बारीक फिल्टरचं घ्या, असं मशीनवाल्याने स्वच्छ सांगितलं. कापडी पिशवीतून बारीक धूळ पार होते आणि खोलीतच फिरते, हेही सांगितलं. हे म्हणाले, "हं. पण ते जागा फार खातं. बघू. विचार करतो." सल्लागार म्हणाले, "घाई करू नका."

भिजत घोंगडं परत भिजत पडलं. मी मात्र विचार केला. फार नाही, भांडी घासून होईपर्यंत. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, "उद्या गवंडी येणार आहे. कारखान्याचं आणि स्वयंपाकघराचं मधलं दार बुजवून घेते."

हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "हो का? बरं."

थट्टा वाटली त्यांना. सकाळी गवंड्याने दाराची चौकट उखडायला घेतली तेव्हा हे धावत आले. "अगं, हे काय चालवलंयस?"

"धुळीची व्यवस्था."

"आणि मी आत कसा जाणार?"

"गाडी जायची तसे. बाहेरून, मोठ्या दाराने."

"पाऊस असला तर?"

"छत्री आहे आपल्याकडे."

गवंडी खाली बघून विटा भिजवत होता. नवराबायकोच्या मधे पडायचं नाही एवढं त्याला कळत होतं. पहिले थर चढले. हे पलीकडे, मी अलीकडे. ह्यांनी वरून डोकावून विचारलं, "चहा?"

"चहा इकडे. कपडे तिकडेच झटकायचे, तिकडेच बदलायचे, बाहेरच्या नळावर हातपाय धुवायचे आणि पुढच्या दाराने यायचं."

हे म्हणाले, "पण मग इथला केर कोण काढणार?"

परक्या माणसासमोर विचारलं हो. आणि चेहऱ्यावर खरोखर प्रश्न होता, त्यात सोंग नव्हतं. मी गवंड्याला म्हटलं, "दादा, वरपर्यंत घ्या, फट ठेवू नका." दुपारी भिंत पुरी झाली. जाताना गवंड्याने पाणी मारून आपला सगळा राडा घमेल्यात भरला आणि बाहेर नेऊन टाकला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी बघतच राहिले.

ननंदेचा फोन आला. दादाला घराबाहेर काढलंस म्हणे? मी म्हटलं, घराबाहेर नाही, केरात ठेवलंय. तिने फोन आपटला. तिच्याकडे आमची तीन स्टुलं आहेत.

हे रुसले. रुसून काम मात्र करत राहिले. रोज बाहेरून जायचे, बाहेरून यायचे, माझ्याशी कामापुरतं बोलायचे. केर काही काढत नव्हते. मोठ्या दारातून मला दिसायचं, भुसा आधी घोट्यापर्यंत आला, मग कापायच्या टेबलाच्या पायांवर चढला. जिवाची तगमग व्हायची. इतक्या वर्षांची हाताची सवय, झाडू दिसला की बोटं वळवळतात. पण नाही गेले. स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसले आणि भाजी निवडली.

मग एकदा ह्यांचा पाय भुशावरून घसरला. लागलं नाही फारसं, पण हातातलं स्टूल पडून त्याचा पाय मोडला. त्या दिवशी बराच वेळ मशीनचा आवाज आला नाही. झाडूचा आला. खराटा ओढल्याचा, मग काहीतरी सरकवल्याचा, मग परत खराट्याचा. मास्क काढून खिळ्याला लावल्यावर केर काढायचा असतो, ही इतक्या वर्षांची रीत, त्यामुळे ह्यांनीही ती पाळलेली असणार.

थोड्या वेळाने पुढच्या दाराची कडी वाजली. हे उभे. भुवया पिवळ्या, पापण्या पिवळ्या, कानांच्या पाळ्यांवर भुसा. पायरीवरच बसले. खोकला थांबेना. मी पाणी आणून दिलं. पाणी प्यायले, डोळे पुसले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, आत फार धूळ होते."

मला बातमी सांगितली. मी ऐकून घेतली.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. तेच, बारीक फिल्टरचं, जागा खाणारं. सल्लागारांना विचारलंसुद्धा नाही. मशीनवाल्याने ते बसवलं, पाइप जोडले, पिंप लावलं, आणि संध्याकाळच्या आत ते घों घों करायला लागलं. इतके दिवस माझ्या खोकल्याने जे ठरेना, ते ह्यांच्या एका खोकल्याने एका दुपारीत ठरलं. आता ह्यांच्याकडे तो धूळ मोजायचा डबाही आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला आकडा दाखवतात आणि सांगतात, धुळीचा खेळ वाईट, तब्येत आधी. पिंप स्वतः रिकामं करतात, तेही मास्क लावून. सांगायला हवं म्हणून सांगते.

संस्थेच्या ताईंनी मला लहान मुलांचं एक पुस्तक दिलं आहे. छोटी वाक्यं असतात त्यात. पूर्वी पानच्या पान जायचं, आता चार ओळींनंतर थांबावं लागतं. खोकला कमी आहे. डॉक्टर म्हणतात, आहे ते टिकेल.

परवा लेकीचा फोन आला. खूश होती. म्हणाली, "आई, बघ हं, बाबांनी शेवटी मशीन घेतलंच. तुझ्यासाठी."

मी म्हटलं, "हो का." बोलायला पुष्कळ होतं. पण तेवढं एका दमात बोलणं आता मला जमत नाही, आणि मधे थांबले की लोकांना वाटतं माझं बोलून झालं.